तागाच्या धाग्याचा चुना-गिलावा: एक उन्हाळा काढल्यावर

आमचं घर अशोक चौकाजवळ, कापड विणायच्या मागाच्या खोलीला लागून. पश्चिमेच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा दर उन्हाळ्यात तडकायचा आणि खालून लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा खार, लागायचा. गेल्या वर्षी चुन्याचं काम करणाऱ्या गवंड्यांकडून तो खरवडून नवा करून घेतला. मुरवलेला चुना, वाळू, विटांची सुरखी (भुकटी) आणि कातरलेला ताग.

माझा जन्म धाग्यात गेला, त्यामुळे नजर तागावरच. पहिल्या घमेल्यात त्याचे गुंते होते. गोळा फोडला तर आत कोरडा! मी ते घमेलं परत पाठवलं. मग त्यांनी ताग बोटभर कापला, पिंजून मोकळा केला, भिजवला आणि मूठ-मूठ भुरभुरत कालवला. कोरडा ताग चुन्यातलं पाणी पिऊन टाकतो, हे त्यांना आधीच कळायला हवं होतं.

पण पुढचं काम मात्र मनापासून केलं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, तो लवकर सुकू नये म्हणून भिंतीवर दोन आठवडे ओलं गोणपाट. घाई अजिबात नाही.

दिवाळीत वायरमनने बोर्डासाठी छिन्नी मारली. तळहाताएवढा तुकडा सुटला, पण खाली पडला नाही. पाच-सहा धाग्यांवर लोंबत राहिला. मी बराच वेळ तो बघत उभा होतो.

खर्च सिमेंटपेक्षा जास्त आला. खिडकीच्या कोपऱ्यात केसाएवढी एक चीर आहे, लोणा नाही. पुढच्या महिन्यात मागाच्या खोलीचं काम त्यांनाच दिलंय. वरून ऑइलपेंट मात्र लावू नका, भिंतीचा श्वास कोंडतो. चुन्याचीच सफेदी करा.