रॉजर्सच्या नावपट्टीखालची बनावट जोडी

जुन्या स्पीकरांच्या व्यवहारात माझे १,४५,८५० रुपये बुडाले आहेत आणि बुडवणारा आजही उजळ माथ्याने जाहिराती देत आहे, म्हणून हे लिहीत आहे.

दहा बाय बारा फुटांची एक खोली मी केवळ गाणे ऐकण्यासाठी राखली आहे. एवढ्या जागेत मोठे स्पीकर घुमतात आणि माझे ऐकणे मुख्यतः ख्यालगायनाचे, म्हणून एलएस ३/५ए घ्यायचे ठरवले. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांतील अरुंद जागेसाठी घडवलेला हा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर मानवी आवाज जितका खरा ऐकवतो, तितका त्या आकाराचा दुसरा मी ऐकलेला नाही. विक्रेता रॉजर्स या कंपनीने बनवलेली १५ ओहम विद्युतरोधाची जोडी १,४२,००० रुपयांना देत होता. किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण ‘स्वस्ताच्या मोहाला बळी पडलीस’ हे वाक्य मी पुरेसे ऐकले आहे. २५,००० रुपये यूपीआयने, १,१७,००० एनईएफटीने आणि कुरिअरचे ३,८५० वेगळे दिले. जोडी स्वतः ऐकल्याशिवाय कोणीही पूर्ण रक्कम देऊ नये.

जाळी काढलेला फोटो त्याने एकच पाठवला होता. खऱ्या जोडीत ट्वीटरच्या, म्हणजे उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाच्या, चारही बाजूंना जाड फेल्टच्या पट्ट्या असतात. कॅबिनेटच्या कडांवरून आवाज परतू नये म्हणून त्या मूळ रचनेतच आहेत. फोटोत त्या नव्हत्या. मी विचारल्यावर तो म्हणाला, “ताई, कसर लागली होती, म्हणून काढल्या. नव्या कापून लावून घ्या.” आपल्या दमट हवेत लोकरीला कसर लागतेच, त्यामुळे हे उत्तर कोणालाही पटले असते. परंतु मूळ टी-२७ ट्वीटरवर छिद्रांची धातूची टोपी असते आणि त्या फोटोत उघडा, चकाकणारा घुमट दिसतो. तो तेव्हाही दिसतच होता. फेल्टविषयी बोलता बोलता टोपीचा प्रश्न राहून गेला आणि तिथेच त्याचे फावले. त्या फोटोकडे पाहिले की आजही जीव जळतो.

पार्सल आल्यावर तानपुरा लावला, तर खर्ज नुसता घुमत होता आणि आवाज गरजेपेक्षा मोठा येत होता. खरी जोडी ८२-८३ डेसिबलची, म्हणजे तेवढ्याच विजेवर हळू वाजणारी; तिला चांगला ॲम्प्लिफायर लागतो. मल्टिमीटरने ३.६ ओहम दाखवले, १५ ओहमच्या जोडीला ते फारच कमी. कॅबिनेट उघडले, तेव्हा केईएफ कंपनीच्या बी-११० वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या भागाच्या) जागी काळा रंग फवारलेला कागदी कोन निघाला. रंग बोटाला लागत होता. वूफर आणि ट्वीटरला आपापले सूर वाटून देणाऱ्या भरगच्च मूळ क्रॉसओव्हरऐवजी दोन कपॅसिटर आणि एक कॉइल होती. लाकूड मात्र खरे होते आणि मागची रॉजर्सची नावपट्टीही. नावपट्टीवर विश्वास ठेवू नका. आतला भाग उघडून दाखवणारा व्हिडिओ मागा, दोन्ही स्पीकरांचा मागा, आणि टाळाटाळ झाली तर बोलणे तिथेच थांबवा.

यानंतर सुरू झाली ती सरकारी दारांची फरफट. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर सांगण्यात आले की पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले आहेत. बँकेनेही तेच ऐकवले. पोलीस ठाण्यात ‘वस्तू मिळाली ना, मग हा दिवाणी वाद’ असे म्हणून अर्ज परत केला. आग्रह धरल्यावर विक्रेता परराज्यातला आहे, तिकडे जा, असे उत्तर मिळाले. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे आणि हद्द कोणतीही असो, गुन्हा नोंदवून घेण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. दोन्ही कलमे छापून नेली. ‘जुन्या स्पीकरचे दीड लाख?’ असे म्हणून तिथले अधिकारी हसले. मुलाच्या वयाच्या माणसाने हसावे असा तो प्रसंग नव्हता. पोच न घेता ठाण्यातून बाहेर पडू नका. मला तीही दुसऱ्या फेरीत, भांडून मिळाली. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण करून ठेवा, नाहीतर कॅबिनेटमध्ये तुम्हीच अदलाबदल केली, असे तोंडावर म्हणतात.

त्याच फोटोंची जाहिरात आता दुसऱ्या नावाने पुन्हा लागली आहे, किंमत १,३८,००० रुपये. डाव्या कॅबिनेटच्या वरच्या कोपऱ्यात वेनीयरचा (लाकडाच्या पातळ थराचा) नखाएवढा टवका उडालेला दिसतो. तो टवका असलेला स्पीकर माझ्या खोलीत आहे.