पियानिस्ट दिनू लिपातीचा शेवटचा रिसायटल, म्हणजे एकट्याची मैफल (बझांसाँ, १९५०): घ्या, पण रडायला नको

साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

ह्या रेकॉर्डिंगबद्दल कुठेही वाचा, लोकं आजारपणापासून सुरू करतात आणि तिथेच संपवतात. मी घेतलेल्या सीडीच्या पुस्तिकेत पण तेच, ताप, इंजेक्शनं, डॉक्टर नको म्हणत होते तरी गेला वगैरे पानंच्या पानं, आणि बाख कसा वाजवलाय त्यावर जेमतेम दोन ओळी. वैताग आला वाचून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. लिपाती रोमानियातल्या बुखारेस्टचा, जन्म १९१७, संगीतकार एनेस्कू त्याचा गॉडफादर (बाप्तिस्म्यातला धर्मपिता). १९३३ मध्ये व्हिएन्नाच्या स्पर्धेत त्याला दुसरा नंबर दिला म्हणून पियानिस्ट आल्फ्रेड कोर्तो भडकून ज्युरीतून बाहेर पडला आणि मग पॅरिसमध्ये त्यानेच शिकवलं. युद्धात १९४३ ला रोमानिया सोडून स्वित्झर्लंड, जिनेव्हाच्या कॉन्झर्वेटरीत (संगीत विद्यालयात) शिकवायचं काम, आणि तिथेच हॉजकिन्सचं (एक प्रकारच्या कॅन्सरचं) दुखणं वाढत गेलं. १६ सप्टेंबर १९५० ला फ्रान्समध्ये बझांसाँच्या फेस्टिव्हलला ही मैफल झाली आणि २ डिसेंबरला तो गेला, ३३ व्या वर्षी. फ्रेंच रेडिओने टेप केली म्हणून आज आपल्याला ऐकायला मिळतेय. झालं, एवढं पुरे.

आता वाजवण्याबद्दल. सुरुवातीला बाखची पहिली पार्टिटा (नाचांच्या तुकड्यांची मालिका), आणि ती सुरू व्हायच्या आधी तो बी फ्लॅटमध्ये एक आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) नुसता फिरवून बघतो, पियानो कसा बोलतोय ते. जुन्या पियानिस्टांची ही सवयच होती. मला तो तुकडा फार आवडतो, स्किप करू नका. शेवटच्या जीगमध्ये (हा एक जलद नाच) डावा हात सारखा उजव्यावरून इकडून तिकडे उड्या मारत असतो, बरेच जण तिथे सर्कस करतात नाहीतर मधले ट्रिपलेट (तीन-तीन सुरांचे गट) खाऊन टाकतात, इथे मात्र वरचा सूर वेगळा, खालचा वेगळा आणि मधली गुणगुण वेगळी, तिन्ही स्वच्छ ऐकू येतात, आणि हा माणूस अंगात ताकद नसताना हे करतोय ह्याची आठवणही होत नाही. मला वाटतं तीच खरी दाद.

मोझार्टचा ए मायनर सोनाटा, के ३१० (हा त्याच्या रचनांच्या यादीतला नंबर). पहिल्या भागात डाव्या हाताला तेच तेच कॉर्ड एकसारखे ठोकायचे असतात, इथे ते ठोकल्यासारखे वाटतच नाहीत, खालून नुसता दाब येत राहतो. मोझार्टची आई पॅरिसला वारली त्याच वर्षीचा, १७७८ चा हा सोनाटा, म्हणून त्यात पण लोकं अश्रू ओततात. लिपाती एक थेंब जास्त ओतत नाही.

शूबर्टचे दोन इम्प्रॉम्प्ट्यू (छोटे पियानोचे तुकडे), त्यातला जी फ्लॅटवाला तर कमालच, मेलडी पण उजव्या हाताच्याच वरच्या बोटांत आणि खाली वाहणारं पाणी पण त्याच हातात, आणि तरी वाटतं दोन माणसं वाजवतायत.

मग शोपॅनचे वॉल्ट्झ. १४ होते, स्वतःच्या क्रमाने लावलेले, त्यातले १३ झाले आणि शेवटचा, ऑपस ३४ नंबर १, काही जमला नाही. थोड्या वेळाने परत येऊन बाखचं एक कोराल (चर्चमधलं भजन) वाजवलं म्हणे, ते मात्र टेपवर नाहीये. तर अर्धा स्टार इथे कापला. मैफलीतले वॉल्ट्झ छान आहेत, पण ह्याच माणसाने दोन महिने आधी, जुलैमध्ये, कॉर्टिझोन ह्या औषधाने जरा बरं वाटत असताना जिनेव्हात सगळे १४ रेकॉर्ड केलेत आणि ते सरळसरळ जास्त मोकळे आहेत. फक्त वॉल्ट्झ हवे असतील तर तेच घ्या.

साउंड मोनो, थोडी खरखर, लोकांचं खोकणं वगैरे आहेच. काही रिमास्टरमध्ये खरखर काढायच्या नादात वरचे सूर पण दाबून टाकलेत, त्यामुळे स्ट्रीमिंगवर दोन-तीन व्हर्जन ऐकून मगच ठरवा. थोडी खरखर असलेलं घेतलं तरी चालेल.

आणि हे आवडलं आणि आणखी लिपाती शोधायला लागलात तर एक सांभाळा. शोपॅनच्या ई मायनर कॉन्चर्टोची (पियानो आणि ऑर्केस्ट्राची रचना) एक रेकॉर्ड त्याच्या नावावर वर्षानुवर्षं विकली गेली, समीक्षकांनी डोक्यावर घेतली, आणि १९८१ मध्ये कळलं की ती मुळात पोलंडची पियानिस्ट हालिना चेर्नी-स्तेफान्स्का हिची आहे! (तिचं कौतुक फुकटात झालं ते वेगळं.) लिपातीची स्वतःची म्हणजे १९५० ची झुरिकची मैफल, कंडक्टर ओटो अकरमान. सेकंडहँड एलपी घेताना कव्हरवर अकरमानचं नाव आहे का तेवढं बघून घ्या.