दुखणं आपोआप थांबतं, श्रेय दुसराच घेतो

गालातून विजेचा झटका जावा तशी कळ येते. सेकंद-दोन सेकंद टिकते, फार तर २ मिनिटं, आणि गेली की काही झालंच नव्हतं असं वाटतं. दात घासताना, तोंड धुताना, घास चावताना, कधी नुसती वाऱ्याची झुळूक लागली तरी पुन्हा येते. रुग्ण बोट ठेवतो ती जागा एखाद्या दाढेची असते, म्हणून तो दातांच्या दवाखान्यात जातो. एक्स-रे निघतो, दाढेत जुनं सिमेंट दिसतं आणि रूट कॅनॉल ठरतं. महिनाभर बरं वाटतं. मग तीच कळ शेजारच्या दाढेत. तिचंही रूट कॅनॉल. पुढे पहिली दाढ काढली जाते, मग दुसरी. कळ मात्र तिथेच, आता रिकाम्या हिरडीत.

हा दाताचा आजार नव्हताच. हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पाचव्या मज्जातंतूचा विकार. बहुतेकांमध्ये मेंदूच्या बुंध्याजवळ एक रक्तवाहिनी या मज्जातंतूला टेकलेली असते. तिच्या सततच्या ठोक्यांनी मज्जातंतूचं आवरण झिजतं आणि साध्या स्पर्शाचीही कळ होते. या आजारात दात काढण्याची फसवणूक जितकी सहज पचते तितकी क्वचितच दुसरीकडे पचत असेल, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण आजाराची स्वतःची चाल. हा विकार मध्येच आठवडे, कधी महिने पूर्ण शांत होतो. औषध नाही, उपचार नाही, तरीही. दाढ काढल्यावर असा शांत काळ लागला की श्रेय पक्कडीला जातं. दुसरं कारण भुलेचं इंजेक्शन. ‘ही दाढ बधिर करून बघू, कळ थांबली तर दोष तिचाच,’ असं सांगितलं जातं आणि कळ खरोखर थांबते. पण इंजेक्शनने दाढेबरोबर हिरडी, ओठ, गाल असा मज्जातंतूच्या त्या फांदीचा सगळा प्रदेश बधिर होतो. कळ उठवणारी संवेदनशील जागाही त्यातच येते. म्हणजे ही परीक्षा फक्त कळ कुठून चेतते ते सांगते. दाढ आजारी आहे, हे तिच्यातून सिद्ध होत नाही.

पहिल्या दाढेला चूक म्हणता येईल. हे दुखणं दातदुखीचं सोंग फार हुबेहूब घेतं. दुसऱ्या दाढेला ड्रिल लावण्याआधी साध्या तपासण्याही झाल्या नसतील, तर त्याला चूक हा शब्द पुरत नाही. या तपासण्यांना दहा-पंधरा मिनिटं लागतात. थंड फवारा मारलेला कापसाचा बोळा कोरड्या केलेल्या दातावर टेकवायचा, तोही आधी दुसऱ्या बाजूच्या निरोगी दातावर, म्हणजे रुग्णाला स्वतःची नेहमीची संवेदना कळते. निरोगी दातात थंडीची चमक येते आणि बोळा काढल्यावर काही सेकंदांत जाते. आतला मगज बिघडला असेल तर ठणका अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त रेंगाळतो. मगज मेला असेल तर काहीच जाणवत नाही. मग आरशाच्या दांडीने दातावर हलके ठोकून बघायचं. मग बारीक खुणांच्या सळीने हिरडीची खोली मोजायची. १ ते ३ मिमी ठीक. पण सगळीकडे २ मिमी आणि एकाच ठिकाणी अचानक ८ मिमी लागलं, तर दात उभा चिरला असण्याची शंका घ्यावी लागते. यातलं काहीही बिघडलेलं नसेल, तर कोणत्याही दाताला हात लावायचं कारण उरत नाही.

दोन्ही दुखण्यांच्या सवयीही वेगळ्या आहेत. बिघडलेला मगज रात्री आडवं पडल्यावर ठणकतो आणि झोपेतून उठवतो. न्यूराल्जियाची कळ झोपेत सहसा येत नाही, आणि दोन झटक्यांच्या मधे बहुतेकांचा चेहरा पूर्ण शांत असतो. वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखत असतील आणि वाकल्यावर गाल जड होत असेल, तर सायनस तपासायला हवं. पन्नाशीनंतर चावता चावता जबडा भरून येत असेल, कपाळाच्या बाजूला किंवा डोक्याच्या कातडीला हात लावला तरी दुखत असेल, तर रक्तवाहिनीच्या दाहाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. तिथे उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

न्यूराल्जियाचं पहिलं औषध कार्बामाझेपिन. साधारणपणे १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा असं सुरू करून डॉक्टर हळूहळू मात्रा वाढवतात. सुरू करण्याआधी आणि नंतरही रक्तपेशी, यकृत आणि सोडियम बघावं लागतं. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये एचएलए-बी १५:०२ ही जनुकीय तपासणी आधी करण्याची शिफारस आहे, कारण हे जनुक असलेल्यांच्या त्वचेवर या औषधाची जीवघेणी प्रतिक्रिया उमटू शकते. अंगावर पुरळ दिसलं, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, तर पुढची गोळी न घेता ताबडतोब दवाखाना गाठायचा. आणि एमआरआय हवाच. रुग्ण तरुण असेल, कळ दोन्ही बाजूंना असेल किंवा चेहऱ्याचा भाग कायम बधिर राहत असेल, तर मागे मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू-मणक्यातल्या मज्जातंतूंचं आवरण बिघडवणारा आजार) किंवा गाठ असू शकते. एमआरआयशिवाय वर्षानुवर्षं गोळ्या देत राहणाराही रुग्णाची फसवणूकच करतो.

आता एक्स-रेकडे. पडद्यावर मुळाच्या टोकाशी काळी गोल सावली दाखवून ‘इथे पू झालाय’ म्हटलं की रुग्ण पुढे वाद घालत नाही. पण खालच्या उपदाढांच्या मुळांपाशी हाडात एक नैसर्गिक छिद्र असतं, ओठाचा मज्जातंतू तिथून बाहेर येतो, आणि एक्स-रेत ते अगदी अशीच सावली देतं. वरच्या पुढच्या दोन दातांच्या मागेही असंच एक छिद्र आहे. खात्री करायला कोन बदलून दुसरा एक्स-रे काढायचा. नैसर्गिक छिद्राची सावली मुळापासून बाजूला सरकते, खरी जखम मुळाला चिकटून राहते. मुळाभोवतीची बारीक पांढरी रेघ सलग दिसत असेल आणि दात थंडीला नीट प्रतिसाद देत असेल, तर तो दात जिवंत आहे. खालच्या पुढच्या दातांच्या टोकांशी, विशेषतः मध्यमवयीन स्त्रियांमध्ये, हाडाचाच एक निरुपद्रवी बदल काळ्या डागांसारखा दिसतो. त्याला उपचार लागत नाही. तरीही त्यापायी चार-चार जिवंत दातांची रूट कॅनॉल होतात. किडीचंही तसंच. दाताच्या मानेपाशी एनॅमल संपतं आणि हाड अजून सुरू झालेलं नसतं. तेवढ्या पट्ट्यातून किरण जास्त आरपार जातात आणि तिथे कीड नसतानाही काळसर कोपरा उमटतो. आणि ज्या एक्स-रेवर नाव आणि तारीख नाही, तो आपलाच आहे असं गृहीत धरू नये.

तोंडातल्या निरोगी गोष्टी आजार म्हणून खपवणं त्याहून सोपं, कारण आपण आपली जीभ मागपर्यंत कधी बघतच नाही. जिभेच्या मुळाशी इंग्रजी व्हीच्या आकारात मांडलेले मोठे दाणे, जिभेच्या मागच्या कडांवरचे लालसर उभे पदर, गालाच्या आतले पिवळट ठिपके, दात मिटतात त्या रेषेतली पांढरी आडवी कड, टाळूच्या मधोमध हाडाचा टणक उंचवटा: हे सगळं नैसर्गिक आहे. जिभेवरचे नकाशासारखे लाल चट्टे दोन-चार दिवसांनी जागा बदलत असतील, तर तेही निरुपद्रवी. त्यावर महिनोन्महिने बुरशीचं औषध देण्यात काही अर्थ नाही. ‘कॅन्सरची सुरुवात’ हे शब्द कानावर पडले की माणूस सही कुठे करायची एवढंच विचारतो. अशा वेळी एकच विचारायचं: हे दुसऱ्या बाजूलाही आहे का? नैसर्गिक गोष्टी बहुतेकदा दोन्हीकडे सारख्या असतात किंवा बरोबर मध्यावर असतात.

चेहरा एका बाजूला वाकडा होतो तेव्हाही आजाराची चालच विकली जाते. बेल्स पाल्सीमध्ये, म्हणजे चेहऱ्याचा मज्जातंतू अचानक लुळा पडतो त्या आजारात, काहीच उपचार न करता साधारण ७० टक्के लोक पूर्ण बरे होतात, आणि बहुतेकांत पहिल्या तीन आठवड्यांत हालचाल परतू लागते. म्हणून तेलवाला, लेपवाला, विजेचं यंत्र लावणारा, प्रत्येकाकडे सांगायला खरे बरे झालेले रुग्ण असतात. हे रुग्ण खोटं बोलत नाहीत, आणि हाच या फसवणुकीतला सर्वांत अवघड भाग आहे. नुकसान होतं ते वेगळीकडे. बरं होण्याची शक्यता खरोखर वाढवणारं स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू व्हायला हवं असतं, आणि तो वेळ मालिशीत जातो. डोळा मिटत नसताना दिवसा थेंब आणि रात्री मलम घालून पापणीवर पट्टी लावावी लागते, नाहीतर बुबुळाला जखम होते. हे त्यांच्यापैकी कोणी सांगत नाही. चेहरा वाकडा झाल्यावर आधी कपाळ बघावं. त्या बाजूची भुवई वर जात नसेल तर बिघाड चेहऱ्याच्या मज्जातंतूत असण्याची शक्यता जास्त. भुवई नीट वर जाते पण ओठ ओघळलाय, तर तो मेंदूचा झटका, म्हणजे पक्षाघात, समजून तडक रुग्णालयात. हातापायात अशक्तपणा असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर कपाळ बघण्यातही वेळ घालवू नये. कानात पुरळ असेल तर नागिणीची शंका घेऊन विषाणूविरोधी औषधही द्यावं लागतं. चार महिने उलटूनही काहीच हालचाल नसेल, तर ती बेल्स पाल्सी नाही असं धरून पुन्हा शोध घ्यायला हवा.

इथवर आपोआप थांबणाऱ्या दुखण्यांचं श्रेय लाटण्याबद्दल झालं. जे आपोआप थांबत नाही त्याला आपोआप थांबणाऱ्याचे उपचार देत राहणं, ही फसवणूक मात्र जिवावर बेतते. नेहमीसारखं तोंड आलं तर जखम ७ ते १४ दिवसांत भरते. त्यामुळे जीवनसत्त्वाची गोळी, जेल, मध, काहीही लावा, गुण येतोच. तीच गोळी आणि तेच जेल जिभेच्या कडेवरच्या, दोन आठवड्यांत न भरलेल्या जखमेला आणखी दोन महिने दिलं जातं. स्टेरॉइडच्या मलमाने आग कमी होते, रुग्णाला बरं वाटतं आणि खाली गाठ वाढत राहते. बरोबर रीत साधी आहे. पहिल्या दिवशी जखम मिलिमीटरमध्ये मोजायची आणि फोटो काढायचा. घासणारा टोकदार दात किंवा कवळीची कड असेल तर ती गुळगुळीत करायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायची. भरली नसेल तर बायोप्सी, म्हणजे जखमेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. कड टणक लागत असेल, कान दुखत असेल, खालचा ओठ बधिर झाला असेल, मानेत टणक गाठ असेल, दात कारण नसताना एकटाच हलू लागला असेल किंवा दात काढलेली खाच भरत नसेल, तर दोन आठवडेही थांबायचं नाही.

पुसून न निघणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याचंही हेच. लाल मखमली चट्टा तर त्याहून गंभीर. बायोप्सी केल्यावर त्यातल्या बहुतेकांत कर्करोग किंवा त्याच्या अगदी अलीकडची पायरी सापडते. असा चट्टा ‘लेझरने पाच मिनिटांत साफ’ करून देणारे आहेत. साफ होतो तो पुरावा. ऊतक जळून गेलं की त्यात काय होतं ते कधीच कळत नाही, आणि खाली उरलेला रोग वरून बऱ्या झालेल्या त्वचेआड लपतो. निळा प्रकाश टाकून ‘स्कॅन नॉर्मल’ असा कागद देणंही तसंच. प्रकाशाने फार तर संशयाची जागा दिसते, निदान होत नाही. आणि ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे तर सरळ असत्य आहे. ज्याला तुकडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या नजरेला आपलं काम पडू द्यायचं नाही, त्याच्या तोंडी ते सोयीचं असतं. कानापुढच्या लाळग्रंथीच्या गाठीत मात्र सुरी लावण्याआधी बारीक सुईने पेशी काढून बघतात, हा फरक खरा आहे.

बायोप्सीतही आळस आणि लबाडी शिरते. तुकडा जखमेच्या मेलेल्या मध्यातून घेतला तर अहवालात नुसता दाह येतो. तो कडेवरून, सगळ्यात संशयास्पद भाग धरून आणि पुरेसा खोल हवा. भूल चट्ट्यात न देता बाजूला द्यायची. विजेच्या सुरीने घेतलेल्या छोट्या तुकड्याच्या कडा करपतात आणि वाचता येत नाहीत. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा, द्रावण तुकड्याच्या किमान दहापट. पाण्यात, सलाइनमध्ये किंवा गॉजमध्ये गुंडाळून पाठवलेला तुकडा नासतो. फोड येणाऱ्या पेम्फिगससारख्या आजारांची शंका असेल तर जखमेशेजारच्या शाबूत भागातून दुसरा तुकडा वेगळ्या, मिशेल द्रावणात द्यावा लागतो. तो फॉर्मॅलिनमध्ये पडला की ती तपासणी गेली. बाटलीवर नाव आणि जागा लिहिलेली स्वतः पाहावी.

अहवाल आला की स्लाइड आणि तुकडा मेणात बसवलेला पॅराफिनचा ब्लॉक कुठे ठेवलाय ते लिहून घ्यावं. तोंडातली जखम वाढतेय आणि अहवाल निर्धोक म्हणतोय असं झालं, तर आधी त्याच ब्लॉकमधून नव्या चकत्या काढून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. तुकडाच चुकीच्या जागेचा होता असं निघालं, तर तेव्हा पुन्हा बायोप्सी करावी लागते, आणि ती लगेच करायची.