सर्वनामांसाठी आठ महिने : इंग्रजी शिकवणाऱ्या एका अ‍ॅपचा अनुभव

इतवारीतील एका ठोक होजिअरी दुकानात मी हिशेब सांभाळतो. आमचा बराचसा माल तमिळनाडूतील तिरुप्पूरहून येतो आणि तिकडच्या व्यापाऱ्यांशी फोनवर इंग्रजीतच बोलावे लागते. वाचता-लिहिता मला बऱ्यापैकी येते. परंतु तिकडच्या हिशेबनीस बाईंचा उल्लेख मी हमखास 'ही' असा करीत असे आणि चूक लक्षात येईपर्यंत वाक्य संपलेले असे. (मराठीत 'ही' म्हणजे बाईच, हा विनोद दुकानात पुष्कळ दिवस चालला.) या एका दुखण्यापायी मी एका अ‍ॅपची वर्षाची वर्गणी भरली.

शिकवण्याचे माध्यम म्हणून त्यात मराठी नाही, हिंदीच घ्यावी लागते. नागपूरकराला याचे काही वाटत नाही. दुकानात दिवसभर हिंदीच चालते. माझा घोळ नेमका तिथेच होता, हे कळायला मात्र तीन महिने गेले. 'उसने बोला' किंवा 'उसका बिल' यांवरून माणूस पुरुष की स्त्री हे समजत नाही. उलट 'त्याने' आणि 'तिने', 'त्याचे बिल' आणि 'तिचे बिल' हा भेद मराठी मूलसुद्धा न चुकता करते. म्हणजे 'हिज' आणि 'हर' यांतील फरक मला घरूनच येत होता आणि हिंदीच्या वाटेने जाऊन मी तो गमावत होतो. तेव्हापासून अ‍ॅपवरचे हिंदी वाक्य मी आधी मनात मराठीत आणतो आणि मगच उत्तर देतो. लेखी चुका जवळजवळ थांबल्या.

मराठीचाही जाच आहेच. "शेठजी बाहेर गेले आहेत" हे एकदा मी 'दे' वापरून सांगितले, तेव्हा किती जण गेले, असे पलीकडून विचारले गेले. आदरार्थी बहुवचन इंग्रजीत चालत नाही, यावर अ‍ॅपमध्ये एकही धडा नाही. 'दे' अनेकांसाठीच असते, असा सरसकट नियम तेवढा आहे आणि तोही अपुरा आहे, कारण व्यक्ती कोण हे ठाऊक नसताना एकासाठीसुद्धा 'दे' वापरण्याची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. कुणीतरी आपली छत्री विसरून गेले आहे, या अर्थाच्या वाक्यात मी 'देअर' लिहिले, तर अ‍ॅपने ते चूक ठरवले.

'इट'चे धडे मात्र उत्तम आहेत. आपले "उकडतंय" एका शब्दात भागते, तिथे इंग्रजीला कर्ता लागतो आणि कुणीच नसल्यामुळे 'इट'ला उभे करावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ असताना या वाक्याचा सराव वेगळा करावा लागला नाही.

मुख्य उणीव अशी की अ‍ॅपमधील प्रत्येक वाक्य सुटे असते, तर सर्वनामाची खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या वाक्यात, नाव मागे पडल्यावर होते. म्हणून गेले चार महिने नाशिकच्या एका शिक्षिकेबरोबर रात्री साडेनऊला पंधरा मिनिटे ऑनलाइन सराव करतो. घरातील एका स्त्रीचा आणि एका पुरुषाचा प्रसंग, नावे एकदाच घेऊन, सांगायचा आणि चूक होताच दुसऱ्याने थांबवायचे. बोलण्यातील चुका कमी झाल्या त्या या सरावाने.

वर्गणी पुन्हा भरणार नाही, रात्रीचा सराव चालू ठेवीन. 'वी' अजून छळते. त्यात 'आम्ही' आणि 'आपण' दोन्ही येतात, त्यामुळे वाहतूक खर्चाची गोष्ट निघाली की मी 'आमचे दुकान' असे स्पष्ट म्हणतो.