७०७५ ॲल्युमिनियमच्या पार्टला हार्ड ॲनोडाइज, साधं ॲनोडाइज की नुसतं क्रोमेट?

भोसरीला कोटिंगसाठी जॉब पाठवताना बरेच जण ड्रॉइंगवर सवयीने "हार्ड ॲनोडाइज, ५० मायक्रॉन" लिहून टाकतात, घासत नाही, गंजत नाही, काळा रंगही भारी दिसतो. पण पार्टवर लोड सारखा उलटसुलट होत असेल तर ही एक ओळ फटीग स्ट्रेंग्थ (पुन्हा पुन्हा येणारा लोड सोसायची ताकद) निम्म्यापर्यंत खाली आणू शकते. मी सस्पेन्शनचा एक तुटलेला बेलक्रँक (जोराची दिशा वळवणारा कोनातला लिव्हर) भिंगाखाली बघितलाय. क्रॅक सुरू झालेला बरोबर फिलेटमध्ये (आतल्या कोपऱ्याच्या गोलाईत), कोटिंगच्या काळ्या कडेपाशी, तिथून शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा आत आत गेलेल्या आणि शेवटचा भाग खडबडीत, म्हणजे तेवढा एका झटक्यात गेला. मटेरियल तपासलं तर एकदम बरोबर निघालं!

होतं असं की ॲनोडाइजचा थर म्हणजे ऑक्साइड, कडक पण ठिसूळ, आणि तो वरून लावलेला नसून धातूतूनच उगवतो, त्यामुळे त्याला तडा गेला की तो तिथेच थांबत नाही, खालच्या धातूला आयती खाच मिळते. त्यात स्टीलसारखी "याच्या खाली कधीच तुटणार नाही" अशी लिमिट ॲल्युमिनियमला नसते. डेटाशीटमध्ये ७०७५-टी६ ला (टी६ म्हणजे तापवून कडक केलेली अवस्था) ५० कोटी सायकलला साधारण १५९ मेगापास्कल दिसतात ना, ते बिनकोटिंगच्या गुळगुळीत सॅम्पलचे, तुमच्या काळ्या पार्टचे नाहीत.

साध्या सल्फ्युरिक ॲनोडाइजचा थर ५ ते २५ मायक्रॉन, नुकसान सहसा कमी, पण आधीच्या कॉस्टिक एचिंगने (कॉस्टिक सोड्यात पृष्ठभाग थोडा विरघळवून साफ करणं) बारीक खड्डे पडतात आणि तेही क्रॅकला पुरतात, म्हणून प्लेटरला (कोटिंग करणाऱ्याला) एचिंग कमीत कमी ठेवायला सांगा. क्रोमेट म्हणजे क्रोमियमच्या रसायनाने चढवलेला पातळ थर, एक मायक्रॉनच्याही आत, फटीगला जवळपास धक्का नाही, गंजापासून बचाव आणि पेंटला पकड मिळते, मात्र घासण्यापुढे काहीच टिकत नाही. घेताना ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेच्या) क्रोमियमचंच घ्या, हेक्साव्हॅलंट (सहा संयुजेचं) विषारी असतं.

इलेक्ट्रोलेस निकेल (विजेशिवाय रसायनातून चढवलेला निकेलचा थर) कोणी सुचवलं तर एक नक्की विचारा, बेकिंग किती डिग्रीला? पूर्ण हार्डनेससाठी ४०० च्या आसपास तापवतात आणि ७०७५-टी६ चं एजिंगच (ताकद येण्यासाठी तापवून ठेवणं) साधारण १२० डिग्रीला झालेलं असतं, म्हणजे निकेल कडक होईल पण खालचा टी६ गेला.

हार्ड ॲनोडाइज टाळताच येत नसेल तर आधी शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा) करून घ्या. पृष्ठभाग दाबाखाली राहिला की क्रॅकला पुढे सरकणं जड जातं आणि गेलेली ताकद बरीचशी परत मिळते. क्रम उलटा चालणार नाही, आधी पीनिंग मगच ॲनोडाइज.

फॉर्म्युला स्टुडंटची मुलं किंवा चाकणला प्रोटोटाइप करणारे विचारतात तेव्हा मी सरळ सांगतो, पूर्ण पार्टला क्रोमेट आणि वर पेंट, पिन जिथे फिरते तिथे ब्राँझचा बुश दाबून बसवा, मग हार्ड ॲनोडाइजची गरजच उरत नाही. बुशला जागा नसेल तर फक्त बोअरला (पिनच्या भोकाला) हार्ड ॲनोडाइज आणि फिलेट मास्क, म्हणजे झाकलेलं. मास्किंग हाताने करावं लागतं, प्लेटर कुरकुर करतो, पैसे जास्त लावतो, द्या. फक्त कुठला भाग मास्क ते ड्रॉइंगवर हॅच करून (तिरक्या रेषा मारून) दाखवा, तोंडी सांगितलेलं टाकीपर्यंत पोचत नाही, आणि बोअरचं माप आधीच वाढवून ठेवा, ५० मायक्रॉनचा थर साधारण अर्धा आत अर्धा बाहेर वाढतो म्हणजे व्यास सुमारे ५० मायक्रॉनने कमी भरतो.