एक्सपल्स आणि तिचा ट्रेलर, 11 महिने वापरल्यावर

बरेच जण विचारतात की गाडी चांगली चालते तर ट्रेलरवर घालून कशाला नेतोस, आणि ट्रेलरचा मेंटेनन्स किती लागतो, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय. गाडी म्हणजे हिरोची मोटरसायकल एक्सपल्स 200 4व्ही, ट्रेलर एकाच गाडीचा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात मापं देऊन करून घेतलेला, ओढायला घरची बोलेरो. गेल्या जूनपासून एप्रिलपर्यंत गाडी सहा हजाराच्या आसपास फिरली, ट्रेलर दोन हजार किलोमीटर. जाणं जास्त करून गगनबावडा, राधानगरी आणि भुदरगडच्या बाजूला.

ट्रेलर घेतला त्याचं पहिलं कारण टायर. चिखलात चालवायला नॉबी (मोठ्या गुठळ्यांचे) टायर लावले की डांबरावर ते डोळ्यादेखत झिजतात, गगनबावड्याला जाऊन येऊनच शंभरच्या वर डांबर होतंय आणि खरं ऑफ-रोड वीस-पंचवीस किलोमीटरच. दुसरं म्हणजे रानात क्लचचं लिव्हर मोडलं किंवा ट्यूब फाटली तर घरी यायची सोय पाहिजे, स्पोकची चाकं आहेत म्हणजे ट्यूब आलीच. टोचन करून घाटातनं गाडी आणणं मी एकदा केलंय, परत करणार नाही. आणि हो, ट्रेलरला स्वतःचं पासिंग आणि नंबर लागतो, मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हा मोटार वाहनातच धरलाय, तेव्हा ते आधी बघा मगच ऑर्डर द्या.

आता मुद्द्याचं. गाडीकडं आपण रोज बघतो, चेन वाजली की कळतंय, ब्रेक कमी लागला की कळतंय. ट्रेलरचं काहीच कळत नाही कारण तो मागं असतो आणि आपण पुढं बसलेलो असतो. जानेवारीत गगनबावड्याला निघालो होतो, ऊसाचा हंगाम जोरात, रस्त्यावर ट्रॉल्याच ट्रॉल्या, त्यामुळं वेगही फार नव्हता. कळे गावाच्या अलीकडं काचेतनं जळकट वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रॅक्टरचा क्लच असेल. चहाला थांबलो, खाली उतरून मागं गेलो तर वास आपल्याच ट्रेलरचा, डावं चाक. हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) नुसता हात नेला तरी झळ लागत होती आणि हबच्या टोपीखालनं काळं पातळ ग्रीस ओघळून रिमवर पसरलेलं.

नशीब असं की शंभर पावलांवर ट्रॉल्यांची कामं करणारं गॅरेज होतं. तिथले मिस्त्री साठीच्या पुढचे, मी त्यांना मामाच म्हणत होतो. त्यांनी जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं, ते चांगलं बोटभर खेळत होतं. टोपी काढली, स्प्लिट पिन काढली, नट काढला, बेअरिंग हातात घेऊन माझ्यापुढं धरलं. रोलरवर खड्डे, पिंजरा निळा पडलेला, आणि ग्रीस होतं ते पिवळट, ताकासारखं फुटलेलं.

मामा म्हणाले, "पावणं, पाणी शिरलंय ह्यात. घरी गेल्या गेल्या धुता काय ट्रेलर?"

मी म्हटलं, "होय मामा, चिखल वाळायच्या आत वॉशिंगला नेतो."

"मग हेच की. हब तापलेला असतोय, वरनं गार पाणी मारलं की आतली हवा आकसती आणि सीलातनं पाणी आत वढून घेती. अर्धा-पाऊण तास सावलीत उभा करा, हात लावून बघा, गार झाला की मग धुवा."

हे मला अकरा महिन्यात मिळालेलं सगळ्यात मोलाचं ज्ञान आहे. मी गाडीची काळजी म्हणून जे करत होतो त्यानंच ट्रेलरचं बेअरिंग गेलं. ओढ्यातनं ट्रेलर घातला तरी हेच होतंय, म्हणून आता पाण्याच्या अलीकडंच गाडी उतरवतो. भावानं उद्यमनगरातनं बेअरिंग आणून दिलं (नंबर बेअरिंगच्या कडेलाच कोरलेला असतो, फोटो काढून फोनमध्ये ठेवा), मामांनी हबमधला जुना कपही (बेअरिंगची बाहेरची कडी) ठोकून काढला, कारण नवीन रोलर जुन्या खराब कपावर घातले तर ते पण लवकर जातात. एक्सलच्या टोकावर हलका निळा डाग आला होता, तो पॉलिश पेपरनं साफ करून, बोट फिरवून बघूनच त्यांनी पुढचं काम केलं.

ग्रीस भरायची त्यांची पद्धत सांगतो, कारण मी आधी नुसतं वरनं फासत होतो. डाव्या तळहातावर लिंबाएवढं ग्रीस घ्यायचं, उजव्या हातात बेअरिंग, त्याची रुंद कड तळहातावर दाबून ओढायची, परत दाबून ओढायची, रोलरच्या मधनं ग्रीस दुसऱ्या बाजूला बारीक शेवयांसारखं बाहेर येईपर्यंत. मग बेअरिंग थोडं फिरवायचं आणि तेच परत. एका बेअरिंगला पाच मिनिटं लागतात. जुनं ग्रीस रॉकेलनं पूर्ण धुवून वाळवूनच नवीन भरायचं, दोन जातीची ग्रीसं एकमेकांत घालायची नाहीत, काही ग्रीसं एकत्र आली की पातळ होऊन गळतात. नट घट्ट करताना चाक हातानं फिरवत राहायचं, जड लागायला लागलं की नट मागं घ्यायचा, मग नुसत्या बोटांनी टेकवायचा आणि स्प्लिट पिन नवीनच घालायची. जुनी सरळ करून परत वापरायची नाही, ती तिथंच तुटते. दोन्ही चाकांची बेअरिंगं आणि सील मिळून दीड हजाराच्या आत काम झालं. माझे आजोबा बैलगाडी बाहेर काढायच्या आधी वंगण बघितल्याशिवाय जू उचलत नव्हते, ते मी लहानपणी बघितलंय, आणि तरी हे डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हापासनं नियम केलाय. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरला थांबून दोन्ही हबना उलटा हात लावून बघायचा. कोमट चालतंय, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त गरम असेल तर पुढं जायचं नाही. आणि 2019, 2021 ला शाहूपुरीत पाणी आलं तसं पुराच्या पाण्यात ट्रेलर उभा राहिला असेल तर हब उघडल्याशिवाय तो जागचा हलवूच नका.

ट्रेलरचं दुसरं दुखणं म्हणजे शेपूट हलणं. पहिल्याच महिन्यात शिरोलीच्या पुढं हायवेला सत्तरचा वेग आला आणि मागं डावी-उजवी सुरू झालं, स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं. एक्सलेटर सोडून बोलेरोचा वेग हळूहळू कमी केला, जोरात ब्रेक मारला असता तर आडवंच झालं असतं. कारण साधं होतं, एक्सपल्स ट्रेलरवर जरा मागं बसत होती आणि हुकवर वजनच येत नव्हतं. गाडी धरून ट्रेलरचं जे एकूण वजन असेल त्याच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकवर पाहिजे. माझं एकूण तीनशे किलोच्या आसपास, म्हणजे तीस ते पंचेचाळीस किलो. घरातला वजनकाटा ठोकळ्यावर ठेवून, ट्रेलर सपाट उभा करून त्यावर हुकची बाजू टेकवली की आकडा कळतो. माझा बारा आला. पुढच्या चाकाचा खोबणीचा स्टँड वीतभर पुढं सरकवून वेल्ड करून घेतला, आता नव्वदलाही सरळ येतो, तरी मी सत्तरच्या पुढं नेत नाही.

लायटीचं थोडक्यात सांगतो. उजवा इंडिकेटर दिला की दोन्ही मंद लुकलुकत होते. हुकमधनंच अर्थिंग येत होतं आणि हुकला ग्रीस लावलेलं. प्लगमधनं अर्थिंगची वेगळी वायर ओढली, प्रश्न मिटला. पाट्यांचे (ट्रेलरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) यू-बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर परत आवळा, माझे अर्धा-अर्धा आटा फिरले.

गाडीबद्दल. गाडीवर मी खूश आहे, 220 मिलीमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स आपल्या रस्त्यांना पुरून उरतो, आणि पावसाळ्यात जे काम निघालं ते गाडीचं नाही, चिखलाचं आहे. गगनबावड्याकडची जांभ्याची तांबडी माती वाळली की घट्ट बसते, शिरोळकडची काळी माती चाकाला चिकटून मडगार्डच भरून टाकते, दोन्हींचा त्रास वेगळा. तांबडी माती ऑइल कूलरच्या पात्यांमध्ये जाऊन बसते आणि वरनं दिसतच नाही, ऑगस्टमध्ये इंजिन जास्त तापतंय वाटलं म्हणून टॉर्च लावून बघितलं तर निम्मा कूलर बुजलेला. पाण्याची बारीक धार आणि मऊ ब्रश, जोराचं प्रेशर नको, पाती वाकतात. प्रेशरची धार चाकाची बेअरिंगं, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट आणि हँडलच्या कोन-बेअरिंगवर पण कधीच मारू नका.

सप्टेंबरमध्ये पुढच्या फोर्कच्या उजव्या शॉकअपमधनं ऑइल यायला लागलं. सगळे म्हणाले सील गेलं, बदला. पण बहुतेक वेळा सील फाटलेलं नसतं, वाळलेल्या मातीचा एखादा कण त्याच्या ओठात अडकलेला असतो. डस्ट सील खाली सरकवलं, आईच्या जुन्या एक्स-रेची फिल्म आकड्यासारखी कापली, ती दांडी आणि सीलच्या मधे घालून एक फेरा फिरवली. तांबडा गाळ बाहेर आला. पुसलं, पाच-सहा वेळा फोर्क दाबलं, गळती बंद, आजपर्यंत बंद आहे. तरी गळत राहिलं तर मात्र सील बदलायलाच पाहिजे, ऑइल ब्रेक पॅडवर उतरलं तर जीवावर बेतेल. ट्रेलरवर बांधताना पण ह्याच सीलांचा विचार करा, पट्टे हँडलच्या टोकाला न लावता खालच्या टीला (फोर्कच्या दोन्ही दांड्या धरणाऱ्या जोडाला) लावा, फोर्क पूर्ण दाबून आवळू नका, पुढचं चाक आणि मडगार्डच्या मधे लाकडी ठोकळा घातला की लागतं तेवढंच दबतं.

चेन चिखलातनं आल्यावर त्याच दिवशी रॉकेल आणि ब्रशनं साफ करतो, पेट्रोल नाही, ओ-रिंग असतील तर त्या खराब होतात. चेन जास्त आवळू नका. मागचा शॉक दबला की चेन आपोआप ताणली जाते, त्यामुळं स्टँडवर बरोबर वाटणारी घट्ट चेन उड्या मारताना पुढच्या स्पॉकेटच्या बेअरिंगवर येते. ढिलाई किती ते मॅन्युअलमध्ये दिलंय, जिथं सगळ्यात घट्ट लागते तिथं मोजा. स्पोक पान्यानं एकेक वाजवून बघा, टण्ण वाजला तर ठीक, ठप्प वाजला तर पाव आटा, एकावेळी त्याच्या वर नको. एअर फिल्टर फोमचा असेल तर धुवून वाळवून ऑइल लावून बसवा, कागदाचा धुवू नका. आणि ओढ्यात गाडी बंद पडली तर लगेच स्टार्टर मारू नका, आधी स्पार्क प्लग काढा, इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर तिथनंच ट्रेलरवर घाला.

ट्रेलर परत घेईन का, तर नक्की घेईन, फक्त पाटे जरा मऊ घेईन, रिकामा ओढताना हा फार उडतो. डाव्या पाट्याचा बुश सध्या कुरकुरतोय, मामांना फोन केला होता, हंगाम संपलाय त्यामुळं ते रिकामे आहेत, रविवारी कळ्याला जाऊन बदलून घेणार, हबची टोपी पण त्यांच्यासमोरच एकदा उघडून बघतो.