चाकांची तिरकी टेबलं: गटात झकास, रांगेत डोक्याला ताप

एक अख्खं वर्ष वापरून मगच लिहितेय, कारण पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच ही टेबलं आवडतात. समलंब आकाराचं टेबल, लांब बाजू १२० सेमी, बाकी तीन ६०-६०, खाली चाकं. वर्गात ४० पोरं, म्हणून २० टेबलं घेतली.

आधी चांगलं सांगते. दोन टेबलांच्या लांब बाजू जोडल्या की षटकोन होतो आणि सहा जण बसतात. पण मी फळ्याकडची बाजू रिकामी सोडते, पाचच बसवते, म्हणजे फळ्याकडे सरळ पाठ कोणाचीच येत नाही. अशी १६ टेबलांत ४० पोरं मावतात आणि चार टेबलं उरतात! ती भिंतीला लावून त्यावर कात्री, गोंद, चार्टपेपर, आणि ज्याला त्या दिवशी एकट्याने बसायचंय तोही तिथेच. वाचनगटासाठी तीन टेबलं लांब बाजू बाहेर ठेवून जोडली की अर्धगोल होतो, बाहेर सहा पोरं आणि आतल्या खोबणीत खुर्ची टाकून मी, सहाही पुस्तकं हाताच्या अंतरावर. या एका गोष्टीसाठी मी टेबलांना पाचपैकी पाच देईन.

आता रांगा. शेजारी शेजारी लावली की मध्ये त्रिकोणी फट पडते आणि तासाला चार पेन्सिली तिथून खाली. एक सुलट एक उलट लावली तर फट जाते, पण उलट्या टेबलाची आखूड बाजू वाट्याला येते आणि तिथे एकच जण बसतो, मग उरलेल्यांना काय मांडीवर घेऊ? शिवाय टेबलाची खोली जेमतेम ५२ सेमी आणि पुढे निमुळतं, त्यामुळे वही-पुस्तक दोन्ही उघडलं की पुस्तकाचा वरचा कोपरा हवेत. ब्रेक दोनच चाकांना, ते पोरं बुटाच्या टोकाने काढतात आणि श्रुतलेखन चालू असताना अख्खं टेबल हळूच सरकायला लागतं, वर "मॅम, आपोआप गेलं".

रांगांना नावं ठेवायची फॅशन आहे पण एकट्याने लिहायच्या कामाला मला अजून त्याच बऱ्या वाटतात. फक्त अ‍ॅडम्स आणि बिडल या संशोधकांनी १९७० मध्ये दाखवलं होतं तसं शिक्षकाचं लक्ष पुढची रांग आणि मधली उभी ओळ एवढ्यातच फिरत राहतं, ते माझंही होतं, म्हणून मी मुद्दाम मागच्या कोपऱ्यात उभी राहून शिकवते.

मांडणी बदलायला सुरुवातीला अर्धा तास जायचा आणि वर कलकलाट, मग फरशीवर दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या, निळी गटाची, पिवळी रांगेची, आता पाच मिनिटांत होतं.

घ्यायचीच तर निम्मी घ्या, निम्मे साधे बाक राहू द्या. आम्ही सगळी बदलून बसलो, त्यामुळे परीक्षेच्या दिवशी शेजारच्या वर्गातले बाक ओढून आणतो आणि ते लोक आमची टेबलं नेऊन त्यांचे प्रोजेक्ट उरकून घेतात.